देशोदेशींची पेये (लेखांक नववा) : परमुलखाने राखलेली बेल्जियमची बिअर

गेल्या लेखांकात बोहेमियातील पिल्झेन गावी 1842 साली जन्मलेल्या सोनेरी लागरची हकीकत आपण पाहिली. त्या एका बिअरने शंभर वर्षांच्या आत निम्मे जग पादाक्रांत केले, आणि तिच्या त्या दिग्विजयात देशोदेशींच्या कितीतरी जुन्या, स्थानिक बिअरी नामशेष झाल्या. बेल्जियमचीही तीच गत व्हायची होती. 1900 च्या सुमारास या चिमुकल्या देशात तीन हजारांहून अधिक बिअरभट्ट्या होत्या. पहिल्या महायुद्धात जर्मन लष्कराने त्यांतील तांब्याचे हंडे उचलून नेले, पुढे लागरच्या बड्या कारखान्यांनी उरलेल्यांपैकी बहुतेक गिळंकृत केल्या, आणि 1990 च्या आगेमागे त्यांची संख्या दीडशेच्या आत आली. तरीही तेथील एल आज न्यूयॉर्कपासून टोकियोपर्यंत मागितली जाते, आणि बेल्जियममध्ये तयार होणाऱ्या बिअरपैकी निम्म्याहून बरीच अधिक सरहद्दीपलीकडे जाते. माझे मत असे की, घरच्यांनी पाठ फिरवली असता या पेयांना जीवदान दिले ते मुख्यतः परदेशी चाहत्यांनी.

एल म्हणजे तुलनेने उबदार हवेत, द्रवाच्या पृष्ठभागाकडे चढणाऱ्या यीस्टने आंबवलेली बिअर. लागर थंडीत सावकाश आंबते आणि स्वच्छ, एकसुरी चवीची होते. एलच्या यीस्टपासून मात्र केळ्याचा, लवंगेचा, मिऱ्याचा वास उत्पन्न होतो, आणि बेल्जियन भट्टीवाल्यांनी हा गुण दोष मानून दाबून न टाकता जोपासला. त्यांत साखरेचा पाक, धने, संत्र्याची साल यांची भर घालण्यासही त्यांना कधी संकोच वाटला नाही.

या वैविध्याचे मूळ लोकांच्या रुचीत जितके आहे तितकेच सरकारी दप्तरांतही आहे. 1822 साली, बेल्जियम डच अमलाखाली असताना, बिअरवरचा कर धान्य भिजवण्याच्या पिंपाच्या आकारमानावर बसवण्यात आला. साहजिकच भट्टीवाले लहान पिंपात धान्य ठासून भरू लागले, आणि ब्रुसेल्सकडील लाम्बिक बिअरची दुधट रस काढण्याची किचकट रीत त्या महसुली हिशेबाशी जोडली जाते. पुढे 1919 साली मंत्री वांदरवेल्दे यांच्या कायद्याने उपाहारगृहांतून कडक दारूच्या विक्रीस मनाई झाली, आणि ती मनाई 1983 पर्यंत टिकली. ज्या गिऱ्हाइकाला पूर्वी जिनचा पेला लागे त्याच्यापुढे आठ-नऊ टक्के मद्यार्काची बिअर ठेवण्याची सोय यातून झाली. वेस्टमालेच्या मठाने 1934 साली बाजारात आणलेली फिकट, जोरकस ‘ट्रिपेल’ त्याच काळातली. परंतु केवळ जोर पाहून या पेयांची योग्यता ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण सर्वांत मोलाची जी बिअर, ती जोराने सामान्यच आहे.

ती म्हणजे लाम्बिक. ब्रुसेल्सच्या आंडरलेख्ट भागात 1900 साली स्थापन झालेली कांतियोंची भट्टी अजून चालू आहे. गहू आणि माल्ट यांचा उकळलेला रस तेथे माळ्यावरच्या उथळ, रुंद ताम्रपात्रात रात्रभर उघडा ठेवतात; छपराच्या फटींतून थंड वारा येतो, आणि त्या वाऱ्याबरोबर व वास्तूच्या लाकडातून येणारे सूक्ष्म जीव हेच तेथील विरजण; विकत आणलेले यीस्ट त्यात घालीत नाहीत. उन्हाळ्याच्या हवेत नको ते जंतू फोफावतात, म्हणून हा उद्योग थंडीच्या महिन्यांपुरताच. कोळ्यांची जाळीदेखील झाडीत नाहीत, कारण फळांभोवती घोंघावणारी चिलटे त्यांत परस्पर अडकतात. मग तो रस ओकच्या पिंपांत एक, दोन, तीन वर्षे मुरतो, आणि निरनिराळ्या वयांचे लाम्बिक एकत्र करून बाटलीत पुन्हा आंबवले की शँपेनसारखी फेसाळ, लिंबाइतकी आंबट ‘ग्यूझ’ तयार होते. गोड लागरला सोकावलेल्या बेल्जियन तरुणांना ती आवडेनाशी झाली होती, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्या भट्ट्या एकामागून एक बंद पडत होत्या.

अशा वेळी मायकेल जॅक्सन या इंग्रज लेखकाने (विख्यात गायकाशी त्याचे केवळ नामसाधर्म्य) 1977 साली जगातील बिअरींचा एक विवेचक कोश प्रसिद्ध केला आणि 1991 साली बेल्जियमवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. द्राक्षमद्याविषयी फ्रेंच रसिक ज्या गांभीर्याने लिहीत त्याच गांभीर्याने त्याने ऑर्व्हाल, रोडेनबाख, ग्यूझ या बेल्जियन बिअरींचे वर्णन केले, आणि अमेरिकी वाचकाला प्रथमच कळले की बिअरलाही वय, गाव आणि घराणे असते. जॅक्सनचे कार्य मी थोर मानतो. अमेरिकेत 1978 पासून मर्शां द्यू व्हँ आणि 1982 पासून व्हॅनबर्ग अँड डीवुल्फ या आयातदार पेढ्यांनी बाटल्या आणण्यास आरंभ केला, आणि याच दुसऱ्या पेढीच्या चालकांनी 1997 साली न्यूयॉर्क राज्यात, कूपर्सटाउन येथे ऑमेगांग नावाची बेल्जियन पद्धतीची भट्टीच उभारली.

हा व्यापार शक्य झाला याचे एक साधे कारण बाटलीच्या तळाशी असते. लागर गाळून, तापवून भरलेली, म्हणून ती ताजीच चांगली. ऑर्व्हालसारख्या एलमध्ये बाटली भरताना जिवंत यीस्ट राखलेले असते, ते आत शिरलेला थोडाबहुत प्राणवायू शोषून घेते आणि सागरी प्रवासाचे महिने बिअरला तारून नेते. ऑर्व्हालची भट्टी 1931 साली, फ्रेंच राज्यक्रांतीत उद्ध्वस्त झालेल्या मठाच्या पुनर्बांधणीस पैसा हवा म्हणून उभी राहिली. तिच्या खालून फुगीर बाटलीवर भरल्याची तारीख छापलेली असते, आणि ती पाहणे अगत्याचे. दोन महिन्यांच्या बाटलीत हॉप्सचा ताजा, गवती दरवळ असतो, तर वर्षभर मुरलेलीत ब्रेट्टानोमायसिस नावाच्या रानटी यीस्टने जुन्या कातड्याचा, कोरड्या पेंढ्याचा वास आणलेला असतो. पेल्यात ओतताना तळाचा बोटभर गाळ बाटलीतच ठेवावा.

मागणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हूगार्डन गावची पांढरी, धने घातलेली गव्हाची बिअर 1957 साली शेवटची भट्टी मिटताच लुप्त झाली होती. तेथील दूधवाले पिएर सेलिस यांनी 1966 च्या सुमारास ती पुन्हा सुरू केली. 1985 मध्ये भट्टीला आग लागली, भांडवलासाठी मोठ्या कंपनीचा हात धरावा लागला, आणि अखेर सर्व मालकी तिच्याकडे गेली. सेलिस 1992 साली टेक्सासमध्ये जाऊन तीच बिअर नव्याने करू लागले. पुढे 2005 साली हूगार्डनची भट्टी बंद करून उत्पादन दुसऱ्या शहरी हलवण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा गावकरी रस्त्यावर उतरले, आणि 2007 साली तो निर्णय मागे घेण्यात आला. त्या गावकऱ्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो. वेस्टव्लेटरेनच्या मठाने याउलट मागणीपुढे मान तुकवलेली नाही. निर्वाहाला पुरेल तेवढीच बिअर तेथील साधू करतात, पूर्वनोंदणी करणाऱ्यालाच ठरावीक खोकी मिळतात, आणि अमेरिकेत ती अधिकृतपणे विकली गेली ती 2012 साली, मठाच्या इमारतीचा खर्च निघावा एवढ्यासाठी.

आपल्याकडे केंद्राचे आयातशुल्क आणि त्यावर राज्याचे अबकारी शुल्क बसून अशी बाटली सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून बाटलीपेक्षा तिची रीतच आधी रुजली. 2009 साली पुण्यात राज्यातील पहिली लहान भट्टी परवाना घेऊन सुरू झाली, आणि आज तेथील व बंगळूरच्या अशा भट्ट्यांच्या फलकांवर धने व संत्र्याची साल घातलेली ‘बेल्जियन विट’ हटकून आढळते. 2015 साली भारतात अवतरलेल्या बिरा बिअरचा पहिला माल तर बेल्जियममध्येच करून घेऊन इकडे आणला गेला होता. धने आमच्या घरोघरी असल्याने ही चव येथे परकी वाटली नसावी असे मला वाटते. ग्यूझच्या आंबटपणाला मात्र येथे अजून वाव मिळायचा आहे.

लाम्बिकमध्ये आंबट चेरी मुरवून होणाऱ्या ‘क्रीक’चा विचार पुढील लेखांकी करू.