मनगटावरील साक्षीदार

गेल्या हिवाळ्यांत आमच्या शाळेच्या नववीच्या वर्गाची सहल त्र्यंबकेश्वरीं गेली होती. नाशिकाहून त्र्यंबक सुमारें २८ किलोमीटर. तेथपर्यंत बसनें जाऊन पुढें ब्रह्मगिरि पायीं चढावयाचा असा बेत होता. समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंच असलेला हा डोंगर गोदावरीचें उगमस्थान म्हणून सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. ज्यांस आपण ‘स्मार्ट-वॉच’ म्हणतों अशीं, व्यायामाची नोंद ठेवणारीं पांच घड्याळें शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यानें भेट दिलीं होतीं. तीं मीं पांच तुकड्यांच्या नायकांस वांटून दिलीं, आणि कोणाच्या घड्याळांत किती पावलें भरलीं हें सायंकाळीं सर्वांपुढें वाचून दाखविण्याचें ठरविलें.

सायंकाळीं आंकडे वाचले. चौघांचे आंकडे एकमेकांच्या जवळपास होते. पांचव्याचा मात्र त्यांच्या दोनतृतीयांशासहि पोंचत नव्हता. हा मुलगा हरसूलकडील एका पाड्यावरचा, वसतिगृहांत राहणारा आणि स्वभावानें अबोल. मीं सर्वांसमक्ष त्यास विचारलें, “घड्याळ काढून ठेवून कोठें झाडाखालीं बसला होतास काय रे?” मुलें हंसलीं. तो एवढेंच म्हणाला, “नाहीं सर, मी वरपर्यंत आलों होतों.” मीं यंत्राच्या साक्षीवर विश्वास ठेविला; मुलाच्या शब्दावर ठेविला नाहीं. दुसरे दिवशीं सहलीबरोबर आलेल्या शिपायाकडून कळलें कीं, तुकडीचा पाण्याचा डबा त्या मुलानेंच खांद्यावर घेऊन वरपर्यंत वाहिला होता. तेव्हां मला प्रथमच प्रश्न पडला, कीं हें घड्याळ खरोखर पाहतें तरी काय?

विद्यार्थिमित्रहो, उत्तर ऐकून तुम्हांस नवल वाटेल. घड्याळास पाऊल दिसत नाहीं. तें बांधलेलें असतें मनगटावर, आणि पाऊल पडतें जमिनीवर. घड्याळाच्या पोटांत एक अतिसूक्ष्म त्वरणमापक असतो. त्यास हाताचे हेलकावे मात्र कळतात. मनुष्य चालूं लागला म्हणजे त्याचे हात ठराविक तालावर पुढेंमागें होतात. तो ताल ओळखून घड्याळ अनुमान करितें कीं हा चालत असावा, आणि त्या तालावरून पावलांचा हिशेब मांडतें. म्हणून खांद्यावरील ओझें सांवरणारा, कठड्यास धरून पायऱ्या चढणारा किंवा हातगाडी ढकलणारा मनुष्य त्याच्या दृष्टीनें पुष्कळदां उभाच असतो. आणि उलट, बसल्या जागीं हात हलविणारास कांहीं पावलें फुकट मिळतात.

पावलें मोजण्याची विद्या कांहीं आजची नव्हे. सन १८६५ मध्यें सर्वेक्षण खात्याच्या वतीनें नैनसिंग रावत हे गुप्तपणें तिबेटाकडे निघाले आणि पुढील वर्षाच्या आरंभीं ल्हासास पोंचले. ते मूळचे शाळामास्तर होते. सारख्या अंतराचें पाऊल टाकण्याचा त्यांनीं कसून अभ्यास केला होता. सुमारें दोन हजार पावलांत त्यांचा एक मैल होई. जवळच्या जपमाळेंत नेहमींच्या १०८ मण्यांऐवजीं १०० मणी ठेविले होते. दर शंभर पावलांस एक मणी सरकवावयाचा. म्हणजे एक माळ पुरी झाली कीं दहा हजार पावलें, अर्थात् सुमारें पांच मैल. योगायोग असा कीं, पुढें सन १९६५ मध्यें जपानांतील एका कंपनीनें कमरेस लावण्याचें पावलें मोजणारें यंत्र विकावयास काढलें, त्याच्या नांवाचा अर्थहि ‘दहा हजार पावलांचें मापक’ असाच होता. रोज दहा हजार पावलें चालण्याचा जो संकल्प आज घरोघरीं ऐकूं येतो, त्याचें मूळ या नांवांत आहे. तो वैद्यशास्त्राचा अटळ सिद्धांत नव्हे. नैनसिंगांच्या माळेंत आणि आपल्या घड्याळांत भेद हा, कीं माळेचा मणी चालणारा स्वतः सरकवीत असे, आणि घड्याळाचा मणी आपोआप सरकतो. आपोआप सरकणाऱ्या मण्यावर नजर ठेवणें हें आपलें काम आहे.

पुढील आठवड्यांत मीं त्या मुलास मैदानावर बोलाविलें. व्यायामशिक्षकांनीं फितीनें मोजून आंखलेली ४०० मीटरांची धांवपट्टी तेथें होती. प्रथम तो हात मोकळे सोडून एक फेरी चालला. मी मागून मोठ्यानें पावलें मोजीत होतों. माझ्या आणि घड्याळाच्या मोजणींत दहाबारा पावलांचेंच अंतर पडलें. मग तोच डबा पाण्यानें भरून, खांद्यावर घेऊन, घड्याळाच्या हातानें घट्ट धरून तो दुसरी फेरी चालला. पावलें पूर्वीइतकींच पडलीं. घड्याळानें त्यांतील निम्मीं देखील टिपलीं नाहींत. तो आंकडा पाहून मुलगा म्हणाला, “सर, माझी आई रोज विहिरीवरून पाणी आणते. तिला हें घातलें, तर ती चाललीच नाहीं असें सांगेल.”

ज्या वर्गापुढें मीं त्यास दोष दिला होता, त्याच वर्गापुढें दुसरे दिवशीं मीं त्याची क्षमा मागितली. तेव्हां मुलांनीं विचारलें, मग या घड्याळाकडून खरी नोंद करून घ्यावी तरी कशी? त्या दिवशींचें आमचें बोलणेंच येथें थोडक्यांत देतों.

हृदयाच्या ठोक्यांपासून आरंभ करूं. घड्याळाच्या तळाशीं हिरवा प्रकाश लुकलुकतांना तुम्हीं पाहिला असेल. रात्रीं विजेरीच्या कांचेवर बोटें ठेविलीं तर तीं तांबडीं दिसतात. कारण रक्त तांबडा प्रकाश पुष्कळसा जाऊं देतें आणि हिरवा शोषून घेतें. प्रत्येक ठोक्यासरशीं त्वचेखालील सूक्ष्म वाहिन्यांत रक्त वाढतें, तितका हिरवा प्रकाश कमी परत येतो, आणि त्या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजतें. पट्टा सैल असला, मनगटावरील दोरा किंवा बांगडी मध्यें आली, थंडीनें हात गारठले, तर हा हिशेब चुकतो. आमच्या भागांतील पुष्कळ स्त्रियांच्या हातांवर गोंदण असतें. त्याची शाईहि प्रकाश अडविते, म्हणून घड्याळ गोंदण नसलेल्या जागीं बांधावें. कधींकधीं तर घड्याळ धांवणाऱ्याच्या पावलांचा तालच हृदयाचा ताल समजून बसतें. यास्तव अधूनमधून थांबून मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस दोन बोटें ठेवावीं, पंधरा सेकंद नाडी मोजावी व चारानें गुणावें. थांबल्याबरोबर मोजावी, कारण निरोगी मनुष्याची नाडी विश्रांति मिळतांच भराभर उतरते.

आतां अंतराविषयीं. घड्याळांत जीपीएसची सोय असेल तर सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश तें ऐकतें. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले कीं त्यास आपलें स्थान काढतां येतें. परंतु ब्रह्मगिरीच्या उभ्या कड्यास लागून चालतांना अर्धें आकाश झांकलें जातें आणि कांहीं संदेश कातळावरून परावर्तित होऊन उशिरा येतात. मग नकाशावर आपण दरींतून उडत गेल्यासारखी रेघ उमटते. म्हणून आरंभीं मोकळ्या जागीं उभें राहून उपग्रह सांपडल्याची खूण दिसेपर्यंत धीर धरावा. जीपीएस नसेल तर घड्याळ पावलांस पावलाच्या लांबीनें गुणून अंतर सांगतें. श्रावणांतील तिसऱ्या सोमवारीं ब्रह्मगिरीची सुमारें २० किलोमीटरांची प्रदक्षिणा करणारे असंख्य लोक चिखलांतून, कित्येक तर अनवाणी, लहान पावलें टाकीत चालतात. त्यांच्या पावलास डांबरी रस्त्यावरील पावलाची लांबी लावली तर अंतर फुगणारच. चढाची उंची कांहीं घड्याळें हवेच्या दाबावरून काढतात. सुमारें आठ-नऊ मीटर चढलें कीं दाब एक मिलिबारनें उतरतो. पण वादळी पाऊस आला तरीहि दाब बदलतो, आणि बसल्या जागीं डोंगर चढल्याची नोंद होते.

खरें माप म्हणजे काय, याचा कित्ता आपल्याच जिल्ह्यांत आहे. हरसूल परिसरांतील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनीं सन २०१० मध्यें दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत १०,००० मीटरांच्या धांवेंत कांस्यपदक आणि त्याच वर्षीं चीनमधील ग्वांगचौ येथील आशियाई स्पर्धांत रौप्यपदक मिळविलें. ती शर्यत म्हणजे ४०० मीटरांच्या पट्टीच्या २५ फेऱ्या. तेथील अंतर मनगटावरील यंत्रानें ठरत नाहीं. पट्टीच आधीं काटेकोर मोजलेली असते. आंतील पट्टा सोडून दुसऱ्यांतून धांवलें तर एका फेरीस सुमारें सात मीटर अधिक पडतात, इतकी ती बारकाई! तुम्हींहि मोजलेल्या पट्टीवर एक फेरी चालून आपलीं पावलें मोजावीं, ४०० स त्या संख्येनें भागावें, आणि येणारी पावलाची लांबी घड्याळांत भरावी.

राहिल्या कॅलरी. येथें सर्वांत सावध असावें. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं सन २०१७ मध्यें ६० जणांवर अशीं सात यंत्रें तपासलीं. सातांपैकीं सहांनीं हृदयाचे ठोके शेंकडा पांचाच्या आंतील चुकीनें सांगितले; परंतु खर्च झालेल्या शक्तीचा आंकडा सर्वांत चांगल्या यंत्राचाहि सरासरीनें शेंकडा २७ चुकला, आणि सर्वांत वाईटाचा शेंकडा ९३. कारण उघड आहे: ही शक्ति घड्याळ मोजीत नाहीं, वय, वजन, उंची, ठोके आणि हालचाल यांवरून अंदाज बांधतें. तेव्हां ‘घड्याळानें पांचशें कॅलरी दाखविल्या, आतां दोन वडे खावयास हरकत नाहीं’ हा हिशेब करूं नये.

आतां नियम सांगतों. ते थोडे आहेत, पण पाळावयास नेट लागतो. वय, उंची, वजन आणि घड्याळ कोणत्या हातीं बांधितों हें खरें भरावें. वजन बदललें कीं तेंहि बदलावें. मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर पट्टा घट्ट पण न रुतणारा असा बांधावा आणि घामानें भिजलेला तळ पुसून घ्यावा. व्यायाम सुरू करतांना चालणें, धांवणें, सायकल किंवा डोंगरचढण यांपैकीं योग्य प्रकार निवडून ‘सुरू’ दाबावें, मध्यें बसलों तर थांबवावें, आणि संपतांच ‘समाप्त’ करावें. आमच्या सहलींत एकजण हें शेवटचें विसरला. बस नाशिकास पोंचेपर्यंत घड्याळ चालूच राहिलें, आणि त्यानें एका तासाच्या आंत २८ किलोमीटर धांव घेतल्याची नोंद झाली! तो विक्रम आम्हीं खोडून टाकला. हातांत ओझें असेल तेव्हां पावलांचा आंकडा सोडून वेळ आणि मार्ग लिहावा. आणि शेवटचें असें, कीं एका दिवसाच्या आंकड्यावरून निकाल देऊं नये. तेंच घड्याळ, तोच हात, तोच रस्ता ठेवून महिनाभराच्या नोंदी शेजारीं शेजारीं मांडाव्या. घड्याळ रोज सारखेंच चुकत असलें तरी सुधारणा झाली कीं नाहीं हें त्यांवरून कळतें.

आतां आमच्या वर्गांत घड्याळांबरोबर एक साधी वहीहि असते. तींत तारीख, मार्ग, वेळ, बोटांनीं मोजलेली नाडी आणि घड्याळाचा आंकडा यांनंतर एक रकाना आहे: ‘जें घड्याळास दिसलें नाहीं.’ ही वही लिहिण्याचें काम त्याच मुलाकडे आहे. सहलीच्या दिवसाची नोंद त्यानें मागाहून भरली. त्या रकान्यांत त्यानें लिहिलें आहे, ‘पाण्याचा डबा, पायथ्यापासून माथ्यापर्यंत.’ त्याखालीं तपासणाराची सही माझी आहे.