प्रौढांचे धंदेशिक्षण आणि समुदाय महाविद्यालये

वाटण्या होत होत ज्या कुटुंबाची जमीन अपुरी पडते, त्यातील कर्त्या माणसास तिशी-पस्तिशीत जोडधंदा किंवा नोकरी शोधणे भाग पडते. त्याच्या अंगी कष्टाळूपणा व अवजारांची जाण असते. परंतु शाळा सुटून बराच काळ लोटलेला असतो. अशा प्रौढांस धंदेशिक्षण देणे हे समुदाय महाविद्यालयांचे एक प्रमुख कार्य होय. अमेरिकेत जोलिएट येथे १९०१ मध्ये अशा महाविद्यालयाचा आरंभ झाला. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात त्यांस साहाय्य दिले.

गणित आणि धंदा एकत्र

प्रौढास आधी वाचन-गणित पक्के करावयास लावून मग धंदा शिकविला, तर तो मध्येच शिक्षण सोडण्याचा संभव असतो. म्हणून अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या महाविद्यालयांनी निराळी पद्धत अवलंबिली. तेथे एक शिक्षक धंदा शिकवितो व दुसरा त्याच वर्गात त्या धंद्यास लागणारे वाचन व गणित शिकवितो.

विहिरीवरील मोटरपंपाची दुरुस्ती हेच उदाहरण घेऊ. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. पाच अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर आठ तास चालली, तर मोटरीतील तूट न धरताही सुमारे ३० युनिट वीज लागते. मोटरीवरील पट्टी वाचून हा हिशेब करताना विद्यार्थी गुणाकार, दशांश अपूर्णांक आणि धंदा एकदमच शिकतो.

वेळापत्रक

प्रौढ विद्यार्थी हा संसारी माणूस असतो. पेरणी व सुगीच्या दिवसांत त्याला शेत सोडता येत नाही. सकाळ-संध्याकाळ गुरांची धार काढावी लागते. अभ्यासक्रमाचे लहान लहान भाग पाडून, प्रत्येक भागाचे प्रमाणपत्र दिल्यास खंड पडला तरी केलेले श्रम वाया जात नाहीत. ज्याला जोडणीचे काम आधीच येते, त्याची परीक्षा घेऊन तेवढा भाग माफ करावा.

प्रमाणपत्रापुढील प्रश्न

वॉशिंग्टनमधील पद्धतीची २०१० मध्ये पाहणी प्रसिद्ध झाली. प्रमाणपत्र मिळविणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले आढळले. रोजगारात मात्र वाढ दिसली नाही. तो काळ मंदीचा होता, हे खरे. तथापि केवळ प्रमाणपत्राने काम मिळत नाही, हा बोध त्यातून घ्यावयास हवा. प्रवेश देण्यापूर्वीच तालुक्यातील दूधसंघ, पंपविक्रेते, रोपवाटिका व कारखाने यांच्याकडे कोणत्या कामास माणसे हवी आहेत याची चौकशी करावी, आणि शिक्षणाचा काही काळ त्यांच्याच कामावर घालवावा.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापिलेल्या विज्ञान आश्रमाचा अनुभव येथे मार्गदर्शक आहे. तेथील तरुण गावाच्या गरजेची प्रत्यक्ष कामे करीत शिकतात. असे काम करणाऱ्याची ओळख गिऱ्हाइकाशी शिकत असतानाच होते.

प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्याने वर्गाच्या वेळा, प्रत्यक्ष कामाचे तास आणि मागील विद्यार्थ्यांस मिळालेली कामे यांची माहिती अवश्य विचारावी. ज्या संस्थेस याचे स्पष्ट उत्तर देता येते, तेथे घातलेला वेळ सत्कारणी लागण्याचा संभव अधिक असतो.