लेखक-वाचक संपर्क आणि समाजमाध्यमे

महाजालावरील ज्या सेवांत वापरणाऱ्या व्यक्ती स्वतःच मजकूर, छायाचित्रे वा चलचित्रे प्रसिद्ध करतात आणि एकमेकांना प्रतिसाद देतात, त्यांना समाजमाध्यमे म्हणतात. फेसबुक (२००४), यूट्यूब (२००५), ट्विटर (२००६, जुलै २०२३ पासून ‘एक्स’) व इन्स्टाग्राम (२०१०) ही त्यांपैकी प्रमुख होत. ग्रंथव्यवहारात लेखक व वाचक यांच्यामध्ये संपादक, प्रकाशक, समीक्षक, ग्रंथविक्रेता व ग्रंथालय हे दुवे पूर्वापार आहेत. समाजमाध्यमांमुळे ते नाहीसे झाले नाहीत. तथापि त्यांना वळसा घालून लेखकाला वाचकापर्यंत व वाचकाला लेखकापर्यंत थेट पोहोचता येऊ लागले.

पूर्वपीठिका : असा संपर्क सर्वस्वी नवा नाही. चार्ल्स डिकिन्झ (१८१२–७०) यांच्या कादंबऱ्या खंडशः प्रसिद्ध होत. द पिक्‌विक पेपर्स (१८३६-३७) या कादंबरीत सॅम वेलर हे पात्र अवतरल्यावर तिचा खप झपाट्याने वाढला आणि अखेरीस सु. ४०,००० प्रतींवर गेला. लेखकाने त्या पात्राला कथानकात मोठे स्थान दिले. मराठीत हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांनी १८९० मध्ये करमणूक हे साप्ताहिक सुरू केले व पण लक्षांत कोण घेतो! ही कादंबरी त्यातून क्रमशः वाचकांपुढे ठेवली. वाचकांची पत्रे हे संपर्काचे दुसरे साधन होय. जी. ए. कुलकर्णी (१९२३–८७) हे सभा-समारंभांपासून दूर राहत. परंतु निवडक व्यक्तींशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता व त्यांची पत्रे पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पत्र हे दोघांपुरते असते आणि त्याला सवडीने उत्तर देता येते. समाजमाध्यमावरील संवाद मात्र सर्वांसमक्ष चालतो व तत्काळ उत्तराची अपेक्षा ठेवतो. या दोन गोष्टींत त्याचे सामर्थ्य व धोका ही दोन्ही आहेत.

उपयोग : लेखक या माध्यमांचा उपयोग साधारणतः तीन प्रकारे करतात. पहिला, वाचकसमूह घडविण्यासाठी. अमेरिकन कादंबरीकार जॉन ग्रीन यांनी बंधू हँक यांच्यासह २००७ मध्ये यूट्यूबवर परस्परांना उद्देशून चलचित्रे प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. त्यांचा विषय बहुधा पुस्तकविक्री हा नसे. विज्ञान, इतिहास, विनोद व लोकोपयोगी कार्य यांविषयी ते बोलत. त्यांतून निर्माण झालेल्या आपुलकीमुळे द फॉल्ट इन अवर स्टार्स (२०१२) या कादंबरीला प्रकाशनापूर्वीच मोठी मागणी आली. तिच्या पहिल्या मुद्रणाच्या दीड लाख प्रतींवर ग्रीन यांनी स्वतः स्वाक्षरी केली होती. दुसरा उपयोग लेखनप्रक्रियेत वाचकांना सहभागी करून घेण्याचा. अँडी वीअर यांनी द मार्शियन ही मंगळावरील कादंबरी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणशः प्रसिद्ध केली. वाचकांनी तिच्यातील शास्त्रीय तपशिलांतील चुका दाखविल्या व लेखकाने त्या सुधारल्या. तिसरा, माध्यमालाच वाङ्‌मयप्रकाराचे रूप देण्याचा. जेनिफर एगन यांची ‘ब्लॅक बॉक्स’ (२०१२) ही कथा त्या काळच्या १४० अक्षरांच्या मर्यादेत बसणाऱ्या तुकड्यांतून ट्विटरवर प्रथम प्रसिद्ध झाली.

भारतीय भाषांत बेंगळुरू येथे २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रतिलिपी या सेवेवर मराठीसह अनेक भाषांतील कथा क्रमशः प्रसिद्ध होतात व प्रत्येक भागाखाली वाचक अभिप्राय नोंदवितात. ज्या गावी पुस्तकाचे दुकान नाही तेथील वाचकाला, तसेच परदेशस्थ मराठी वाचकाला, नव्या पुस्तकाची वा दिवाळी अंकाची वार्ता आता या माध्यमांतून मिळू शकते. छोट्या आवृत्तीवर अवलंबून असलेल्या लेखक-प्रकाशकांच्या दृष्टीने हा लाभ मोठा आहे.

मर्यादा व धोके : लेखकाचा मजकूर कोणाला दिसावा हे त्या सेवेची गणनपद्धती (अल्गोरिदम) ठरविते. जमविलेला वाचकसमूह लेखकाच्या मालकीचा नसतो. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी येताच तेथील समूह एका दिवसात विखुरले. लेखकाच्या प्रयत्नांपेक्षा वाचकांच्या परस्परसंवादाचा प्रभाव पुष्कळदा अधिक असतो. कॉलीन हूवर यांची इट एंड्‌स विथ अस ही २०१६ मधील कादंबरी टिकटॉकवरील वाचकांच्या शिफारशींमुळे २०२१ नंतर पुन्हा विक्रीच्या अग्रभागी आली. याउलट, एलिझाबेथ गिल्बर्ट यांनी जून २०२३ मध्ये रशियाची पार्श्वभूमी असलेली नवी कादंबरी जाहीर केली, तेव्हा युक्रेनमधील युद्धाच्या संदर्भात तिच्यावर तीव्र आक्षेप आले व लेखिकेने ती अनिश्चित काळ पुढे ढकलली. आक्षेप घेणाऱ्या सर्वसामान्य वाचकांच्या हाती तोवर ते पुस्तक पोहोचलेच नव्हते.

या संबंधातील सर्वांत गंभीर प्रसंग तमिळ कादंबरीकार पेरुमाळ मुरुगन (१९६६–    ) यांच्या बाबतीत घडला. मादोरुबागन (२०१०) या कादंबरीविरुद्ध तिरुच्चेंगोडे येथे आंदोलन झाल्यावर जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी फेसबुकवर आपल्यातील लेखक मरण पावल्याचे जाहीर केले व आपली पुस्तके मागे घेत असल्याचे कळविले. ती घोषणा अल्पावधीत देशभर पोहोचली आणि अनेक लेखक-वाचक त्यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कादंबरीविरुद्धची मागणी फेटाळली व लेखकाने पुन्हा लिहिते व्हावे असा अभिप्राय दिला. त्यानंतर ते लेखनाकडे परतले. लेखकाची व्यथा समाजमाध्यमाने जगापुढे नेली, पण त्याला संरक्षण मिळाले ते न्यायालयाकडून.

समाजमाध्यमे वाचक मिळवून देतात. वाचक टिकतो तो ग्रंथाच्या गुणवत्तेवर. संपर्कासाठी दिलेला वेळ लेखनाच्या वेळातूनच जातो आणि तत्काळ पसंतीची सवय लागलेला लेखक अप्रिय सत्य लिहिण्यास कचरू शकतो. म्हणून, वाचकाचे ऐकावे परंतु लेखनाविषयीचा अंतिम निर्णय स्वतःकडे ठेवावा, हे डिकिन्झ यांच्या काळी उपयोगी पडलेले तारतम्य आजच्या लेखकालाही आवश्यक ठरते.