प्रकाश खोळंबतो तो चिपपाशी
ऑप्टिकल फायबरमधला अवरक्त प्रकाश सेकंदाला सुमारे १९३ लाख कोटी वेळा आंदोलतो. दूर पल्ल्याच्या संदेशवहनात मुख्यतः वापरला जाणारा ‘सी बँड’च चार टेराहर्ट्झहून रुंद आहे. या प्रकाशावर माहिती चढवणारी आणि पलीकडे ती उतरवून घेणारी इलेक्ट्रॉनिक सर्किट्स मात्र शंभर गिगाहर्ट्झच्या आसपासच धापा टाकू लागतात. ट्रान्झिस्टर पार करायला इलेक्ट्रॉनला वेळ लागतो, प्रत्येक जोडाची धारिता भरावी आणि रिकामी करावी लागते, आणि वारंवारता वाढली की तांब्यातला प्रवाह पृष्ठभागालाच चिकटून वाहतो, त्यामुळे रोध वाढतो. आजच्या वेगवान यंत्रणा सेकंदाला २०० अब्ज चिन्हे पाठवतात. म्हणजे एका चिन्हाच्या वाट्याला ५ पिकोसेकंद. तेवढ्यात फायबरमधला प्रकाश जेमतेम एक मिलिमीटर सरकतो, खसखशीच्या दाण्याएवढा! चिपपासून, प्रकाशावर चिन्हे उमटवणाऱ्या मॉड्युलेटरपर्यंतची तार काही मिलिमीटरांची असली, तरी तिच्यात एकाच वेळी अनेक चिन्हे एकामागोमाग धावत असतात आणि वाटेतच त्यांच्या कडा बोथट होतात. इंटरनेटचा खरा घाट समुद्रतळाच्या हजारो किलोमीटरांत नाही, तो इथे आहे.

यावर कोणी म्हणेल, प्रकाशाचा एक रंग, म्हणजे एक तरंगलांबी, पुरत नसेल तर अनेक रंग वापरा. ते तर कधीच झाले. १९८७च्या सुमारास साउथॅम्प्टनमध्ये डेव्हिड पेन यांच्या गटाने एर्बियमचा प्रवर्धक साधला आणि सगळ्या तरंगलांबी एकदम बलवान करता येऊ लागल्या. पण प्रत्येक रंगाला स्वतःचा लेसर, मॉड्युलेटर, फोटोडायोड आणि चिप लागते. पन्नास गिगाहर्ट्झच्या मार्गिका आखल्या तर सी बँड भरायला ऐंशीच्या वर संच लागतात, दोनशेच्या आखल्या तर वीसेक. सर्किट वेगवान झाले म्हणून फायबरची एकूण क्षमता वाढत नाही, हे मान्यच करायला हवे. ती मर्यादा गोंगाट आणि काचेचे अरेषीय गुणधर्म ठरवतात. मात्र तीच माहिती किती पेट्यांतून आणि किती विजेत पोचते, हे मुख्यतः सर्किट ठरवते, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. मग इलेक्ट्रॉनिक्सच वगळून सगळे काम प्रकाशाकडूनच का करून घेऊ नये? प्रकाशाचे दोन किरण एकमेकांना सहसा दाद देत नाहीत आणि प्रकाश साठवून ठेवणे फार अवघड. चुका दुरुस्त करणे, फायबरमध्ये पसरलेली चिन्हे पुन्हा वेगळी करणे, यासाठी आकडेमोड लागते, आणि ती आजही सिलिकॉनच करते. लिथियम नायोबेटच्या पातळ थराचे मॉड्युलेटर शंभर गिगाहर्ट्झ ओलांडून गेले आहेत. आता अडते ते चिप आणि तारेपाशी. म्हणूनच त्यांना चालवणारी चिप अगदी खेटून, एकाच आवरणात बसवण्याची आणि मधली तार शक्य तितकी तोकडी करण्याची धडपड चालली आहे.