मांजर भिंतीवर का चढेना?

बालमित्रांनो, मराठीच्या पेपरात ‘उंची’ हा शब्द तुम्ही ‘उंचि’ असा ऱ्हस्व लिहिलात, तर काय होतं? बाई लाल पेनाने त्याला गोल करतात. फार तर अर्धा गुण जातो. पण तुम्हाला काय म्हणायचं होतं, ते बाईंना कळलेलं असतं. संगणकाचं तसं नाही हं! त्याच्या लेखी ‘उंची’ आणि ‘उंचि’ म्हणजे टेबल आणि टोपी यांच्याइतक्या वेगळ्या गोष्टी. एका वेलांटीपायी चांगला चालणारा खेळ बंद पडतो आणि गंमत म्हणजे कधी कधी संगणक तक्रारसुद्धा करत नाही.

समजा, तुम्हाला एक खेळ तयार करायचा आहे. पडद्यावर एक मांजर आहे. बटण दाबलं की ते भिंतीवर चढायला हवं. आता या मांजराबद्दल संगणकाला काय काय सांगावं लागेल? त्याचा रंग, ते जमिनीपासून किती वर आहे ते, त्याचा मालक कोण ते. प्रोग्रॅमच्या भाषेत मांजर हा झाला ‘ऑब्जेक्ट’, म्हणजे वस्तू. (मांजराला वस्तू म्हटल्याबद्दल त्याची माफी मागू या!) रंग, उंची, मालक या झाल्या त्याच्या ‘प्रॉपर्टी’. प्रॉपर्टी म्हटलं की घरातल्या मोठ्यांना सात-बाराचा उतारा आठवेल. पण इथे अर्थ आहे गुणधर्म. विज्ञानाच्या पुस्तकात पाण्याचे गुणधर्म असतात ना, तसेच.

वस्तू आणि तिचा गुणधर्म यांच्यामध्ये टिंब देतात. वाचताना त्या टिंबाच्या जागी ‘चा, ची, चे’ म्हणा, की झालं:

मांजर.रंग = "पांढरा"
मांजर.उंची = ०

ही नावं मी मराठीत का लिहिली? कारण तशी ती चालतात! पायथन आणि जावास्क्रिप्ट या आज खूप वापरल्या जाणाऱ्या दोन्ही भाषांत वस्तूंना आणि गुणधर्मांना देवनागरीत नावं देता येतात. भाषेचे स्वतःचे ठरलेले शब्द आणि आकडे मात्र इंग्रजी चिन्हांतच लिहावे लागतात. इथे आपण छपाईपुरते मराठी आकडे घेतले आहेत.

वस्तू आणि त्यांचे गुणधर्म अशा रीतीने प्रोग्रॅम लिहायची कल्पना नॉर्वेतली. ओस्लो शहरात क्रिस्टन न्यूगार्ड आणि ओले-योहान डाल या दोघांनी १९६० नंतरच्या दशकात ‘सिम्युला’ नावाची भाषा तयार केली. खऱ्या जगातल्या घडामोडींची नक्कल संगणकावर करायची, हा त्यांचा उद्देश होता. मग खऱ्या जगात जशा वस्तू, तशाच प्रोग्रॅममध्येही नकोत का?

आता बटण दाबल्यावर मांजर दहा पावलं वर जावं, म्हणून आपण ही ओळ लिहिली:

मांजर.उंचि = मांजर.उंची + १०

बटण दाबलं. मांजर ढिम्म! पुन्हा दाबलं. तरी ढिम्म! पडद्यावर एकही लाल अक्षर नाही. काय झालं असेल? उजवीकडे आपण ‘उंची’ बरोबर लिहिली. संगणकाने शून्यात दहा मिळवले आणि उत्तर दहा आलं. पण ते ठेवायचं कुठे? तर ‘उंचि’मध्ये. मांजराला असा गुणधर्म नव्हताच. संगणक म्हणाला, नाही ना? मग नवीन करतो! त्याने गुपचूप एक नवा कप्पा केला आणि दहा त्यात टाकले. खरी ‘उंची’ बिचारी शून्यावरच राहिली.

लिहिताना अशी चूक झाली, तर पायथन आणि जावास्क्रिप्ट दोघंही साधारणपणे गप्प बसतात. वाचताना मात्र दोघांचे स्वभाव निरनिराळे. नसलेला गुणधर्म विचारला की पायथन तिथेच थांबतं आणि ओरडतं, ‘या वस्तूला असा गुणधर्म नाही!’ २०२१ साली आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून तर ते जवळचं नाव सुचवतं, ‘तुम्हाला हे म्हणायचं होतं का?’ जावास्क्रिप्ट मात्र ‘अनडिफाइंड’, म्हणजे ‘असं काही ठरलेलं नाही’, एवढंच उत्तर देतं आणि पुढे चालू लागतं. त्या ‘काही नाही’मध्ये दहा मिळवले, तर उत्तर येतं ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नव्हे’. पुढची सगळी गणितं मग तशीच नासत जातात. तुम्हीच सांगा, ओरडणारा मित्र बरा की गप्प राहून खड्ड्यात जाऊ देणारा? मला विचाराल तर ओरडणारा बरा.

पालकांनाही इथे एक सांगायचं आहे. पडद्यावर लाल अक्षरं आली की मूल घाबरतं, यंत्र आपणच बिघडवलं असं त्याला वाटतं. अशा वेळी त्याच्या हातून माऊस काढून घेऊ नका. तो संदेश त्याच्याबरोबर बसून मोठ्याने वाचा. चूक कोणत्या ओळीत आहे, त्याचा आकडा बहुधा त्यात छापलेला असतो.

हा संदेश वाचण्यातही एक खुबी आहे बरं का! आपलं मांजर भटकं आहे, त्याला मालकच नाही, असं धरू. आणि आपण लिहिलं:

मांजर.मालक.नाव

जावास्क्रिप्ट या वेळी मात्र अडतं. ‘अनडिफाइंडचे गुणधर्म वाचता येत नाहीत, नाव वाचत होतो,’ अशा अर्थाचा संदेश ते देतं. पुष्कळ जण ‘नाव’ हा शब्द पाहून त्याचंच स्पेलिंग तपासत बसतात. पण ‘नाव’चा काही दोष नाही! मालकच नाही, तर त्याचं नाव कुठून येणार? म्हणून अशा वेळी शेवटच्या टिंबाच्या उजवीकडे नाही, डावीकडे पाहायचं. तिथली वस्तू खरोखर आहे का, हे आधी तपासायचं. नसेल तर नाव विचारायचंच नाही, ‘मालक नाही’ असं छापायचं.

आणि आपलं ते न चढणारं मांजर? तिथे तर संदेशच नव्हता. अशा गुपचूप चुकीला पकडायचा सोपा उपाय म्हणजे त्या ओळीनंतर अख्खं मांजरच छापायला सांगायचं, सगळ्या गुणधर्मांसकट. मग पडद्यावर यादी येते: रंग पांढरा, उंची ०, उंचि १०. दोन्ही नावं शेजारी शेजारी! चोर पकडला ना? ‘या वस्तूला एवढेच गुणधर्म, नवा करायचा नाही,’ असं आधीच बजावून ठेवायची सोयही पुष्कळ भाषांत असते. पण सुरुवातीला आपली यादीच बरी.

चुका फक्त मुलांच्याच होतात असं समजू नका. आपण एका वेबपानावरून दुसऱ्या पानावर जातो, तेव्हा ‘हे कोणत्या पानावरून आले’ हे ब्राउझर बहुतेक वेळा पुढच्या संगणकाला कळवतो. त्यासाठीचा इंग्रजी शब्द आहे ‘रेफरर’. स्पेलिंग: आर, ई, एफ, ई, आर, आर, ई, आर. पण १९९६ साली वेबचे नियम छापले गेले, त्यात मधला एक ‘आर’ गळालेला होता. तोवर ते चुकीचं नाव इतक्या प्रोग्रॅममध्ये पसरलं होतं की बदललं असतं तर सगळीकडेच गोंधळ झाला असता. म्हणून ते आजही तसंच आहे! जावास्क्रिप्टमध्ये पानाच्या याच गुणधर्माचं स्पेलिंग मात्र बरोबर आहे. त्यामुळे एका ठिकाणी मुद्दाम चूक लिहायची आणि दुसऱ्या ठिकाणी शुद्ध लिहायचं, अशी कसरत प्रोग्रॅमरना करावी लागते. शुद्धलेखनाचा कंटाळा करणाऱ्यांनी ही गोष्ट आपल्या बाईंना जरूर सांगावी!

नाव बरोबर असलं तरी किंमत चुकू शकते. ‘मांजर किती उंचावर ठेवू?’ असं आपण खेळणाऱ्याला विचारलं आणि त्याने ५ टंकला, तर तो संगणकापर्यंत बहुधा आकडा म्हणून पोचत नाही, मजकूर म्हणून पोचतो. जावास्क्रिप्टमध्ये त्या "५" मध्ये १० मिळवले की पंधरा होत नाहीत. दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि होतात ५१०. मांजर पडद्याबाहेर! पायथन असली बेरीज करायला साफ नकार देतं. दोन्हीकडे उपाय एकच: आधी त्या मजकुराचा आकडा करून घ्यायचा.

आकडा असूनही भागत नाही, कारण त्याचं एकक कोणतं? १९९८च्या डिसेंबरात अमेरिकेच्या ‘नासा’ने मंगळाकडे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान पाठवलं. जमिनीवरचा एक प्रोग्रॅम यानाच्या छोट्या इंजिनांच्या धक्क्याचे आकडे पौंडाच्या हिशेबात देत होता आणि ते घेणारा दुसरा प्रोग्रॅम ते न्यूटनच्या हिशेबात आहेत असं धरून चालला होता. दोन्हींत सुमारे ४.४५ पटींचा फरक! यान मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचं, ते सुमारे ५७ किलोमीटरवर आलं. २३ सप्टेंबर १९९९ रोजी त्याचा संपर्क तुटला, तो कायमचाच. म्हणून हुशार प्रोग्रॅमर नुसतं ‘उंची’ असं नाव देत नाहीत, ‘उंची_मीटर’ असं देतात.

आता तुमची पाळी. खाली जावास्क्रिप्टमधल्या तीन ओळी आहेत. वही-पेन्सिल घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे काय होईल ते लिहा. कुत्र्याचं वय "४" असं मजकुरात ठेवलेलं आहे, पोपटाला पिंजरा नाही आणि सशाचा ‘वेग’ ३ आहे.

कुत्रा.वय + १
पोपट.पिंजरा.दार
ससा.वेघ = ७

तिन्हींतली कोणती ओळ ओरडेल आणि कोणत्या दोन गप्प बसतील? उत्तरं पुढच्या अंकात शोधू नका, ती वर लेखातच आहेत. आणि हो, पहिल्या ओळीतला कुत्रा किती वर्षांचा झाला, ते घरी सगळ्यांना सांगायला विसरू नका!