इराण्याचे टेबल आणि दोन वर्तमानपत्रे

मुंबईत पूर्वी कुणाला भेटायचे ठरले, की पत्ता लिहून घ्यावा लागत नसे. "नाक्यावरच्या इराण्याकडे ये," एवढे म्हटले की पुरे. भायखळा असो, परळ असो, डोंगरी असो की दादर. मोठा नाका म्हटला की तिथे इराणी असायचाच. आज नाके तिथेच आहेत, पण इराण्याच्या जागी कुठे औषधांचे दुकान आहे, कुठे बँकेचे एटीएम, कुठे बीअर बार. जुनी माणसे रस्ता सांगताना मात्र अजूनही म्हणतात, "तो जुना इराणी होता ना, तिथून डावीकडे." हॉटेल गेले, खूण तेवढी उरली.

शाळेत शिकवताना आम्हांला एक गोष्ट वारंवार जाणवते. आमचे विद्यार्थी मुंबईत जन्मले, मुंबईतच वाढले. पण अनोळखी माणसासमोर बसून दहा मिनिटे गप्पा मारणे त्यांना जड जाते. मराठीत त्यांना गुण चांगले मिळतात, बोलायची वेळ आली की मात्र ती गप्प होतात. दोष मुलांचा नाही. जिथे ही बोलण्याची सवय आपोआप लागत असे, त्या जागाच शहरातून निघून गेल्या. इराण्याचे हॉटेल ही त्यांतली सर्वांत मोठी जागा.

कोण होते हे इराणी?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इराणमधील यझ्द आणि केरमान भागांतून ही माणसे गरिबीला कंटाळून मुंबईत आली. बहुतेक जरथुष्ट्री होते. मायदेशात धर्मावरून होणारा जाचही त्यांच्या वाट्याला आला होता. काही शिया मुसलमानही होते. डोंगरीत 1860 साली बांधलेली, निळ्या नक्षीदार फरशांची मुघल मशीद म्हणजे इराणी मशीद. ती मुंबईतल्या इराणी मुसलमानांची जुनी खूण आहे.

या मंडळींनी नाक्यावरच्या कोपऱ्याच्या जागा घेतल्या. कोपऱ्याचे दुकान अपशकुनी म्हणून इतर व्यापारी ते घेत नसत, असे सांगतात. इराण्याला मात्र तिथे दोन रस्त्यांचा उजेड आणि दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक मिळाले. धोबी तलावची क्यानी 1904 ची, मरीन लाइन्सची ससानियन 1913 ची, ग्रँट रोड स्टेशनसमोरची बी. मेरवान 1914 ची, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया 1923 ची. अशी शेकडो हॉटेले शहरभर होती. आज मोजकीच उरली आहेत.

संगमरवरी टेबले, गोल वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर मोठे आरसे, गल्ल्याजवळ बिस्किटांच्या काचेच्या बरण्या. ब्रुन मस्का, खारी, मावा केक, खिमा पाव आणि "पानी कम" म्हणून मागवलेला कडक चहा. शिवाय अंडी, पाव, साबण, दाढीचे ब्लेड अशा वस्तूही तिथे मिळत. आणि सूचनांचे फलक! धोबी तलावच्या बस्तानी या हॉटेलातल्या अशाच सूचनांवर निस्सिम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता केली. इझिकेल मुंबईच्या बेने इस्रायल समाजातले, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले. इराण्याची पाटी, ज्यू कवी आणि मुंबईचे गिऱ्हाईक. हे शहर असे होते.

एका कपाची किंमत

खाण्याच्या आठवणी सगळेच लिहितात. आम्हांला वाटते, इराण्याने विकला तो चहा नव्हे. त्याने विकली ती बसण्याची जागा.

कोकणातल्या आपल्या अनेक गावांच्या जमातींनी मुंबईत डोंगरी-माझगाव भागात खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. जहाजावर नोकरी मिळेपर्यंत गावचे खलाशी तिथे पथारी टाकत. घाटावरून आलेले गिरणी कामगार लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत दहा-पंधराजण राहत. त्या खोल्यांत झोपायला कशीबशी जागा होती, बसायला नव्हती. पाळी सुटली की ही सगळी माणसे खाली इराण्याकडे येत. एका चहावर तासभर बसले तरी कुणी उठ म्हणत नसे. गरिबाचा दिवाणखाना तोच.

ज्या काळात रेल्वे स्टेशनांवर "हिंदू पाणी" आणि "मुसलमान पाणी" अशी वेगळी सोय होती, त्या काळात हे घडत होते. सुरुवातीला काही इराण्यांकडेही धर्माप्रमाणे निरनिराळ्या रंगांचे कप असत, अशा आठवणी जुन्या लोकांनी सांगितल्या आहेत. म्हणजे सगळे पहिल्यापासूनच आदर्श होते असे नाही. पण हॉटेलात गर्दी असली की जिथे खुर्ची रिकामी तिथे बसावे लागे. समोर कोण आहे हे विचारून कुणी बसत नसे. वेगळे कप पुढे गेले, टेबल राहिले.

आणि त्या टेबलावर वर्तमानपत्र असे. एकाच अंकाची पाने सुटी होऊन चार टेबलांवर फिरत. 1938 साली सुरू झालेला उर्दू "इन्कलाब" आणि 1956 साली आचार्य अत्रे यांनी काढलेला "मराठा" शेजारी शेजारी पडलेले असत. आमचे अब्बा माझगावच्या गोदीत फिटर होते, शिक्षण उर्दूतून सातवीपर्यंत. मराठी वाचायला आपण इराण्याकडे शिकलो, असे ते सांगत. समोर बसणारा एक गिरणी कामगार विचारी, "काय मिस्त्री, तुमचा पेपर काय म्हणतो?" अब्बा उर्दू बातमी वाचून मराठीत सांगत. मग तो "मराठा"चा अग्रलेख मोठ्याने वाची आणि अब्बा अक्षरांवर नजर ठेवून ऐकत. त्या माणसाचे आडनाव अब्बांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हते, पण वर्षानुवर्षे दोघांनी एकमेकांना जग वाचून दाखवले.

आपण मराठी मुसलमान आहोत हे आपल्याला वारंवार सिद्ध करावे लागते. त्या टेबलावर ते कुणी विचारत नव्हते. बार्शीचे मेहबूब पटेल म्हणजे शाहीर अमर शेख. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज गिरणगावात घुमला, तेव्हा तो परका वाटला नाही. त्याआधी अशा असंख्य टेबलांवर माणसे एकमेकांच्या भाषेला सरावली होती.

बायकांची आणि लेखकांची जागा

इराण्याकडे लाकडी आडोशाची "फॅमिली रूम" असे. क्रॉफर्ड मार्केट किंवा मंगलदास मार्केटची खरेदी आटोपून आपल्या घरातल्या बायका तिथे निवांत बसत, नकाब वर करून चहा घेत. पुरुषांना बसायला सारे शहर होते. आमच्या अम्मीला आणि खालांना घराबाहेर बसायला मिळालेली ती बहुधा एकमेव जागा.

लेखकांनाही या जागांनी पोसले. सआदत हसन मंटो 1948 च्या आरंभी पाकिस्तानात गेले, त्याआधी नागपाडा-भायखळा हेच त्यांचे जग होते. त्यांची "ममदभाई" ही कथा फारस रोड, तिथल्या गल्ल्या आणि हॉटेले यांच्यातच उभी आहे. मराठी कवी अरुण कोलटकर काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये बसत. तेही बंद झाले. जहांगीर आर्ट गॅलरीतले समोवार 1964 पासून चित्रकारांचा अड्डा होते. 2015 साली तेही मिटले.

का गेल्या या जागा?

दोष एकट्या कुणाचा नाही. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे स्वस्त चहा परवडत होता, पण इमारतींची डागडुजीही थांबली. इमारती मोडकळीला आल्या आणि कोपऱ्याच्या जागेला सोन्याचा भाव आला. एका चहावर तासभर बसणारे गिऱ्हाईक त्या भावात बसेना. इराण्यांची मुले शिकली, परदेशी गेली. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार त्यात उतरले, आणि गिरणगावातल्या हॉटेलांचे रोजचे गिऱ्हाईकच तुटले. आता भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवर नवे मनोरे उभे राहत आहेत. 2025 च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. हवा स्वच्छ हवी, पडके छप्परही नको. यात वाद नाही.

पण एक कारण पैशाच्या हिशेबात बसत नाही. 1992-93 च्या दंगलींनंतर माणसे आपापल्या लोकांत राहायला गेली. आपलीही कितीतरी कुटुंबे मुंब्रा, मीरा रोडला गेली. संमिश्र वस्त्या विरळ झाल्या, तसे संमिश्र टेबलही ओस पडले. रमजानमध्ये मिनारा मशिदीच्या गल्लीत आज शहरभरचे लोक खायला येतात, हे चांगलेच आहे. पण उभ्याने खाऊन, फोटो काढून ते निघून जातात. खाणे झाले तरी ओळख होत नाही.

मग करायचे काय?

जुनी हॉटेले परत आणणे आपल्या हातात नाही. टेबल मांडणे मात्र आहे. आमच्या शाळेत आम्ही शनिवारी मधल्या सुट्टीत एक उर्दू आणि एक मराठी वर्तमानपत्र एकाच टेबलावर ठेवतो. नियम एकच: ज्याला जे वाचता येते त्याने ते न येणाऱ्याला वाचून दाखवायचे. पहिले दोन महिने मुले लाजली. आता जागेसाठी भांडतात.

हे प्रत्येक मोहल्ल्यात होऊ शकते. मदरशाच्या ओट्यावर, सोसायटीच्या गच्चीवर, जमातीच्या हॉलमध्ये संध्याकाळी दोन तास वाचनालय चालवता येईल. त्यात बायकांसाठीही वेळ राखावी, आणि शेजारच्या वस्तीतल्या बिगरमुस्लिम शेजाऱ्यांना आवर्जून बोलवावे. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासून उभे आहे. मुलांना एकदा तिथे घेऊन जा. येताना धोबी तलावला उतरून क्यानीत बसा. ब्रुन मस्का मागवा. टेबल भरलेले असेल आणि एक खुर्ची रिकामी असेल, तर समोरच्याला विचारून तिच्यावर मुलाला बसवा. पुढचे बोलणे त्याला करू द्या. पहिल्यांदा तो अडखळेल. तुम्ही मध्ये बोलू नका.