न मावलेल्यांचा अर्थशास्त्रज्ञ

शहरातली गरिबी म्हणजे खेड्यात न मावलेली गरिबी, असं वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 साली मांडलं. नालासोपारा पूर्वेला, तुळिंजच्या चाळीत ते वाचलं की पुढचा प्रश्न पडतो: मुंबईतही जी मावली नाही, तिचं काय? 1982च्या गिरणी संपानंतर गिरणगाव सुटलेली कितीतरी बिऱ्हाडं विरार लोकलच्या वाटेवर पांगली.

दांडेकर साताऱ्याचे, जन्म 1920चा. कोलकात्यात संख्याशास्त्र शिकून ते पुण्याच्या गोखले संस्थेत आले आणि 1966 ते 1980 तिचे संचालक होते. सरकारी कागदावर विश्वास कमीच. सहकारी खुदानपूर यांच्याबरोबर त्यांनी मुंबई इलाख्याचा कूळ कायदा तपासला. 1957च्या त्या अहवालात कायद्याची खरी अंमलबजावणी जवळपास कुठे दिसत नाही.

मग दांडेकर-रथांची ती गाजलेली दारिद्र्यरेषा. रोजचे 2250 उष्मांक मिळायला 1960-61च्या भावाने महिना दरडोई खेड्यात साधारण 15 रुपये, शहरात साडेबावीस. खेड्यातले 40 टक्के लोक त्याखाली, शहरातले 50. शहराचा आकडा मोठा होता, हे सोयीस्करपणे विसरलं गेलं. पुढे पां. वा. सुखात्मे, तेही सातारा जिल्ह्याचेच, म्हणाले की शरीराची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, सरासरी उष्मांकावर रेषा ओढली तर गरीब फुगवून मोजले जातात. वाद बराच तापला. त्यात दांडेकर-रथांचा खरा आग्रह, मागेल त्याला सार्वजनिक कामावर मजुरी, मागे पडला, असं मला वाटतं. महाराष्ट्राने रोजगार हमी आणली खरी, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने. पण ग्रामीण भागापुरती.

गरिबी मोजण्याची पद्धत ठरवणाऱ्या सुरेश तेंडुलकर समितीने 2009 साली दारिद्र्यरेषेची उष्मांकांशी असलेली गाठ सोडली. तुळिंजमध्ये ती आधीच सुटली होती. इथे ताटात भात असतो. कंबर मोडते ती खोलीचं भाडं, डिपॉझिट, पाण्याचा टँकर आणि रेल्वेच्या पासाने.

1984 साली दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष मोजला तो जिल्हावार. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याचा गरीब आदिवासी भाग होता आणि ठाणे-कल्याणची कारखानदारीही. सरासरी दोघांची एकच. दांडेकर 1995 साली गेले. पालघर 2014 साली वेगळा झाला. आता जव्हारच्या सरासरीला वसई-विरार जोडलेलं आहे.